पट्टा पांढरा, नियम मोठ्यांचे

कुस्ती बघायला महाराष्ट्रात कुणाला नियमपुस्तिका लागत नाही. लाल मातीत दोन्ही खांदे टेकले की फडाच्या कडेला शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यालाही कळते, गडी चीतपट झाला. पंच असतो, पण निकाल त्याच्या हाताआधी लोकांच्या आरोळीत लागलेला असतो. ज्युदो हा खेळही मुळात असाच उघड्या डोळ्यांनी वाचता येणारा आहे. समोरच्याला जोराने, वेगाने आणि शेवटपर्यंत ताबा ठेवून पाठीवर पाडले की पंच हात सरळ डोक्यावर नेतो, ‘इप्पोन’ म्हणतो आणि लढत तिथेच संपते. अडचण सुरू होते ती अर्ध्यामुर्ध्या पडण्यापासून. कुशीवर पडला तर काय, नुसता खाली बसला तर काय, आणि चार मिनिटे कुणी पडलेच नाही तर काय? गेल्या पन्नासेक वर्षांत ज्युदोच्या नियमांत जे मोठे बदल झाले, ते बहुतेक या मधल्या जागेतले आहेत. ते ऑलिंपिकच्या पातळीवरच्या खेळाडूंसाठी केलेले आहेत, आणि अनेक ठिकाणी शाळेच्या हॉलमध्ये, मंगल कार्यालयात भरणाऱ्या छोट्या क्लबच्या स्पर्धेत आठ-दहा वर्षांच्या मुलांना ते जसेच्या तसे लावले जातात. हे चूक आहे असे माझे मत आहे. मुलांना काय शिकवायचे हे आधी ठरवून त्यांच्या स्पर्धेचे नियम क्लबनेच लिहायला हवेत. तसे करायला ज्युदोच्या परंपरेचा विरोध नाही, उलट आधारच आहे.

त्या आधारासाठी सुरुवातीकडे जावे लागते. जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक. १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी या मंदिरात त्यांनी कोदोकान ही आपली ज्युदोशाळा काढली. त्यांच्यापुढे जुजुत्सूची जुनी घराणी होती आणि त्यांत हाडे मोडणारे, जिवावर बेतणारे डावही होते. कानोंनी असे डाव मोकळ्या झुंजीतून बाजूला काढले आणि ठरावीक क्रमाने करायच्या ‘काता’मध्ये जपून ठेवले. उरलेले डाव शिष्यांना रोज, पूर्ण ताकदीनिशी, एकमेकांना इजा न करता खेळता यावेत हा त्यामागचा विचार होता. म्हणजे ज्युदोतला पहिला मोठा नियमबदल खुद्द संस्थापकाने केला आणि तो शिकवण्यासाठी केला. प्रेक्षक, प्रक्षेपण, पदकतालिका यांतले तेव्हा काहीच नव्हते.

आजची गुणपद्धत थोडक्यात अशी. इप्पोनच्या खाली ‘वाझा-आरी’ असते. पाडणे चांगले झाले पण एखाद्या बाबतीत कमी पडले, तर पंचाचा हात खांद्याच्या रेषेत आडवा जातो. असे दोन वाझा-आरी झाले की त्यांचा इप्पोन होतो. त्याखाली ‘युको’, म्हणजे हात तिरका खाली. जमिनीवर दाबून धरले तर पाच सेकंदांना युको, दहाला वाझा-आरी आणि वीसला इप्पोन. गळा आवळला किंवा कोपर ताणले आणि समोरच्याने हात आपटून शरणागती दिली, तरी लढत संपते. चुकीसाठी ‘शिदो’ मिळतो आणि तीन शिदो झाले की खेळाडू बाद.

यातला युको मधली काही वर्षे नव्हताच. सत्तरच्या दशकात युको आणि त्याहून लहान ‘कोका’ हे दोन गुण नियमांत आले. समोरचा नुसता बुडावर बसला तरी कोका मिळे. छोट्या प्रयत्नाचीही नोंद व्हावी हा हेतू चांगलाच होता. पण एक कोका खिशात टाकून उरलेला वेळ पकड सोडवत, कडेकडेने फिरत काढायचा, ही सवय त्यातून लागली. २००९ पासून कोका बंद झाला. २०१७ मध्ये युकोही गेला आणि पुरुषांची लढत पाच मिनिटांवरून चारवर आली. सगळ्यांनी इप्पोनच्या मागे लागावे, ही त्यामागची इच्छा होती. पण अर्धवट पडणे काही नियमाने थांबत नाही. पूर्वी ज्याला युको मिळाला असता त्यातले काही आता वाझा-आरीत मोजले जाऊ लागले, काही शून्यात गेले. खणखणीत वाझा-आरी आणि निसटता वाझा-आरी फलकावर सारखेच दिसू लागले. चार मिनिटांत बरोबरी राहिली की ‘गोल्डन स्कोअर’ची वाढीव वेळ सुरू होते आणि २०१३ पासून तिला मर्यादा नाही, त्यामुळे काही लढती दोघांचा जीव काढीपर्यंत लांबत गेल्या. शेवटी २०२५ मध्ये युको परत आला. याला कुणी आंतरराष्ट्रीय महासंघाची धरसोड म्हणेल. मला त्यात वेगळे काही दिसते. नियम खेळाडूला वळण लावतो हे यातून पक्के होते, आणि ते वळण नेमके कुठे जाईल हे आयुष्य मॅटवर घालवलेल्या माणसांनाही आधी सांगता येत नाही हेही.

कुस्ती जाणणाऱ्या वाचकाला दुसरा बदल जास्त खुपेल. ज्युदोत ‘मोरोते-गारी’ नावाचा डाव आहे, म्हणजे आपला दुहेरी पट. ‘काता-गुरुमा’ तर आपल्या कलाजंगाचा सख्खा भाऊ. एक हात समोरच्याच्या मांडीत घालून त्याला आडवा खांद्यावर उचलायचा. २०१० मध्ये थेट पायाला हात घालून सुरू होणाऱ्या हल्ल्यांवर बंदी आली आणि २०१३ मध्ये उभ्याने खेळताना पट्ट्याखालची पकड सरसकट निषिद्ध ठरली. पुढे शिक्षा काहीशी सौम्य झाली, पण उभ्याने पट काढणे आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून गेले ते गेलेच. खेळाडू कमरेत वाकून, कपाळाला कपाळ लावून उभे राहू लागले होते, ज्युदो आणि कुस्ती यांतला फरक प्रेक्षकाला दिसेनासा झाला होता, ही तक्रार खोटी नव्हती. बंदीनंतर पाठ ताठ झाली आणि ‘उची-माता’, ‘सेओई-नागे’ असे उभ्याने टाकायचे मोठे डाव बहरले. सेओई-नागे म्हणजे धोबीपछाड म्हटले तर चालेल, फक्त पकड अंगरख्याची. पण त्याची किंमत म्हणून पायाच्या हल्ल्यांचे एक जुने दालन स्पर्धेपुरते बंद झाले. त्यानंतर ज्युदोला लागलेल्या पिढीने हे डाव आंतरराष्ट्रीय लढतीत केलेलेच नाहीत.

तिसरी बाब शिक्षेची. निष्क्रिय राहणे, खोटा हल्ला करणे, मॅटबाहेर जाणे, पकड घेऊ न देणे यांना शिदो मिळतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ५७ किलो गटाची अंतिम लढत कॅनडाची क्रिस्ता देगुची आणि कोरियाची हू मिमी यांच्यात झाली. ती वाढीव वेळेत गेली आणि मिमीला खोट्या हल्ल्याबद्दल तिसरा शिदो मिळून संपली. ऑलिंपिकचे सुवर्ण ठरले आणि पाठीवर कुणीच पडले नाही. देगुचीचे कौशल्य वादातीत आहे आणि पंचांनी नियमानेच निर्णय दिला असेल. तरीही ज्याने ज्युदो पहिल्यांदाच पाहिला, त्याला त्या क्षणी काय घडले हे समजावून सांगावे लागते. मोठ्यांच्या ज्युदोत शिदो लागतो, कारण तिथे निष्क्रियता ही चाल असते. गुण घेतलेला खेळाडू हिशेब करून थांबलेला असतो आणि त्याला हलवायला दंडाची भीती लागते.

आता हाच नियम चौथीतल्या मुलाला लावून पाहा. तोही मॅटवर हात पुढे धरून नुसता उभा राहतो, पण त्यात हिशेब कसला नसतो. ज्युदोगीची, म्हणजे ज्युदोच्या अंगरख्याची, बाही बोटांपर्यंत लोंबत असते, पांढरा पट्टा दोनदा सुटलेला असतो, समोरच्या मुलाने कॉलर धरली की पोटात गोळा येतो. पंच लढत थांबवतो, दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवून निष्क्रियतेची खूण करतो आणि बोट रोखून शिदो देतो. मुलाला समजते एवढेच की आपल्याला ओरडा बसला. पुढच्या वेळी तो काय शिकून येतो? शिदो टाळायचा असेल तर काहीतरी केल्यासारखे दाखवायचे. मग वळून दोन्ही गुडघ्यांवर धपकन बसायचे आणि त्याला सेओई-नागे म्हणायचे. समोरचा मुलगा डोक्यावरून लोळत गेला तर गुण, नाही गेला तरी शिदो टळला. दहा वर्षांच्या वयात ही सवय लागली की उभे राहून, पाय रोवून, समोरच्याचा तोल काढून डाव टाकणे मागे पडते. ज्युदोचा प्राण तोल काढण्यात आहे. मोठ्यांच्या चलाखीवर उपाय म्हणून लिहिलेला नियम लहानांना नेमकी तीच चलाखी शिकवतो.

या प्रश्नाला ज्युदोच्या मायदेशाने जे उत्तर दिले ते आपल्याकडे फारसे पोचलेले नाही. मार्च २०२२ मध्ये जपानी ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. २००४ पासून चाललेली ही स्पर्धा पाचवी-सहावीतल्या मुलामुलींची होती. महासंघाचे अध्यक्ष तेव्हा यासुहिरो यामाशिता होते, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे सुवर्णविजेते. जिंकण्याचे टोक कुणी गाठलेलेच असेल तर ते या माणसाने, म्हणून त्यांच्या कारकिर्दीतला हा निर्णय मला मोलाचा वाटतो. जिंकण्याचा अतिरेक झाला आहे, असे कारण महासंघाने दिले. वाढत्या वयातल्या मुलांना वजन उतरवायला लावले जात होते, प्रशिक्षक आणि पालक पंचांवर आणि मुलांवर आरडाओरडा करत होते. जपानमध्येही यावर मतभेद झाले आणि मुलांचे स्वप्न हिरावले अशी हळहळही व्यक्त झाली. मी स्पर्धा बंद करण्याच्या बाजूने नाही. क्लबची स्पर्धा हवीच, तिच्याशिवाय सरावाला धार येत नाही. पण स्पर्धा बंद करण्याची पाळी येण्याआधी तिचे नियम बदलता येतात.

सुरक्षिततेचा मुद्दा तर याहून कठोर आहे. नागोया विद्यापीठातले संशोधक र्यो उचिदा यांनी १९८३ पासूनच्या नोंदी चाळून दाखवले, की जपानच्या शाळांत ज्युदो खेळताना सुमारे तीन दशकांत शंभराहून अधिक मुलांचा जीव गेला. डोक्याला मार हे त्यातले मोठे कारण होते आणि नवखी मुले जास्त बळी पडली होती. २०१२ मध्ये जपानच्या माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या, तेव्हा हे आकडे देशभर चर्चेत आले. ‘ओसोतो-गारी’सारख्या मागे पाडणाऱ्या डावात हनुवटी छातीला लावून हात मॅटवर आपटण्याची सवय अंगात मुरली नसेल, तर डोक्याची मागची बाजू आधी आदळते. या पडण्याच्या कलेला ‘उकेमी’ म्हणतात आणि ती यायला महिने लागतात. म्हणूनच जपानच्या बालगटांच्या नियमांत गळा आवळणे नाही, सांधा ताणणे नाही, आणि सुरुवातीलाच दोन्ही गुडघे टेकून सेओई-नागे टाकायलाही मनाई आहे. म्हणजे मुलांचे नियम वेगळे असावेत की नाही हा वाद जिथे खेळ जन्मला तिथे केव्हाच संपलेला आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की क्लबमध्ये एक नियम आणि जिल्ह्याला दुसरा असे झाले तर आपलीच मुले मागे पडतील. शालेय क्रीडा स्पर्धांत ज्युदो आहे, खेलो इंडियात आहे. वरच्या स्पर्धांतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पालकांनी हा हिशेब केला तर त्यांना दोष देता येणार नाही. वरच्या स्पर्धेचे नियम ओळखीचे असावे लागतात, हा धडा महाराष्ट्राला खाशाबा जाधवांच्या रूपाने मिळालेला आहे. १९४८ ला लंडनमध्ये मातीतला हा पैलवान आंतरराष्ट्रीय नियमांनी मॅटवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत त्याच मॅटवर त्यांनी कांस्य मिळवले. नियम माहीत असणे लागतेच, हे कुणी नाकारू नये. पण त्याच हेलसिंकीतली दुसरी बाजूही पाहावी. खाशाबांना हरवून त्या वजनगटाचे सुवर्ण नेणारा जपानचा शोहाची इशी हा मूळचा ज्युदोपटू. महायुद्धानंतरच्या अमेरिकी अमलात ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. नुसता नियम नव्हे, सबंध खेळच बदलला, तरी समोरच्याच्या तोलाची जाण त्याच्याबरोबर गेली.

शिवाय कोणत्या नियमांत मुलांना तयार करायचे, हाही प्रश्न आहेच. २००८ मध्ये आठ वर्षांची असताना मॅटवर आलेली मुलगी धरा. वर्षभरात कोका गेला, ती दहा वर्षांची झाली तेव्हा थेट पट निषिद्ध झाला, तेरा वर्षांची असताना पट्ट्याखालची पकड पूर्ण बंद झाली, सतराव्या वर्षी युको गेला आणि पंचविसाव्या वर्षी परत आला. तिच्या प्रशिक्षकाने आठव्या वर्षी तिला तेव्हाच्या नियमांतल्या फटी शिकवल्या असत्या, तर त्यातले किती उरले असते? तोल काढणे, पकड, पडणे, पायांची हालचाल एवढेच टिकले असते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना चालू नियमांची ओळख सरावात सहज देता येते, त्यासाठी आठवड्यातला एक तास पुरतो. आणि क्लबच्या स्पर्धेला ना सवलतीचे गुण असतात ना आरक्षण, म्हणून वेगळे नियम चालवून पाहायला हीच सर्वांत मोकळी जागा आहे.

काही जुन्या प्रशिक्षकांना यात खेळाशी बेइमानी वाटते. नियम एकच असावा, तो जगाचा असावा, असे ते म्हणतात. त्यांच्या निष्ठेचा आदर ठेवून एक गोष्ट पुढे ठेवावीशी वाटते. अखिल जपान ज्युदो अजिंक्यपद ही त्या देशातली सर्वांत मानाची स्पर्धा आहे. जगभर आज एक खेळाडू पांढऱ्यात आणि एक निळ्यात उतरतो. हॉलंडच्या अँटन गीसिंक यांनी सुचवलेला निळा रंग १९९७ मध्ये मान्य झाला तो बघणाऱ्यांना दोघे वेगळे दिसावेत म्हणून. पण या स्पर्धेत अजूनही दोघे पांढऱ्यातच असतात. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सात आणि महिलांचे सात वजनगट आहेत, इथे मात्र वजनगटच नाहीत आणि साठ किलोचा गडी दीडशे किलोच्या गड्यासमोर उभा राहू शकतो. २०२५ मध्ये तर या स्पर्धेने पायाची पकडही पुन्हा खुली केली. ज्युदोत सर्वाधिक ऑलिंपिक पदके मिळवणारा देश घरच्या सर्वोच्च स्पर्धेत स्वतःचे नियम चालवतो आणि तरी बाहेर मागे पडत नाही. मग पस्तीस मुलांच्या क्लबने तसे केले तर जगाचा नियम कसा बुडेल?

आता खर्चाचा आणि वेळेचा आक्षेप, जो आयोजकाला खरोखर सतावतो. समजा चौसष्ट मुले आली आहेत. बाद पद्धतीने त्रेसष्ट लढती होतील आणि बत्तीस मुले एकदाच खेळून घरी जातील. त्यातल्या कित्येकांची लढत पंधरा-वीस सेकंदांत संपलेली असेल आणि त्यासाठी आईवडील सकाळी सहाला घरून निघालेले असतील. त्याऐवजी चौघांचे सोळा गट करून प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत लावली तर शहाण्णव लढती होतात आणि प्रत्येक मुलाला तीन मिळतात. लढत दोन मिनिटांची, नमस्कार आणि अदलाबदल धरून साडेतीन मिनिटे पकडू. दोन मॅटवर बाद पद्धतीला एक तास पन्नास मिनिटे लागतात, गटपद्धतीला दोन तास अठ्ठेचाळीस. फरक तासाभराचाच आहे. तेवढ्या तासात पहिली लढत हरलेल्या मुलाला पकड कुठे चुकली ते प्रशिक्षकाकडून ऐकून दुसऱ्या लढतीत सुधारता येते. बाद पद्धत त्याला ही संधी देतच नाही.

हे गट पाडतानाच वजनाचा प्रश्नही सुटतो. तीस किलोपर्यंतचा गट आधी जाहीर केला की तीस किलो दोनशे ग्रॅमच्या मुलाला आदल्या रात्री जेवू न देणारे घर निघतेच. गट जाहीर करूच नयेत. सकाळी सर्वांची वजने घ्यावीत, त्याच क्रमाने नावे लिहावीत आणि शेजारच्या चार-चार जणांचा गट करावा. म्हणजे पाव किलो उतरवून कुणाच्याच हाती काही लागत नाही. बारा वर्षांखाली गळा आवळणे, सांधा ताणणे, मानेला विळखा घालून पाडणे आणि दोन्ही गुडघ्यांवर बसून टाकायचे डाव बंद ठेवावेत. उभ्याने टाकलेल्या डावाला युकोचा गुण सढळ हाताने द्यावा. पहिल्या इप्पोनला लढत न संपवता दोन मिनिटे पूर्ण खेळू द्यावे, फक्त मुलांची ताकद अगदीच विजोड दिसली तर पंचाने थांबवावे. निष्क्रियतेचा शिदो मोजूच नये. पंचाने ‘मात्ते’ म्हणून लढत थांबवावी, मुलाजवळ जावे आणि त्याला कळेल अशा मराठीत सांगावे, आधी बाही धर, मग पाय टाक. हे सगळे एका पानात मावते. ते पान पंधरा दिवस आधी सहभागी क्लबांना पाठवावे आणि स्पर्धेच्या दिवशी वजनकाट्यामागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटवावे, कारण पालकांची पहिली रांग तिथेच लागते.